जिन्यातला अठरा फूट समुद्र

४ नोव्हेंबर

माझ्या पाणकोंबडे,

तुझा पाइप अजून उभा आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू धडधड न होता वाचशील. तुझ्या त्या बेटावर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच झालं, नाहीतर गेल्या आठ दिवसांत मी तुला निदान चाळीस वेळा फोन करून फैलावर घेतलं असतं. पत्राची होडी आठवड्यातून एकदा. तेवढ्यात राग निवतो आणि तळाशी उरतो तेवढाच तुझ्या वाट्याला येतो.

तर उरलेला ऐक. तुमच्या प्रयोगशाळेचं छत बुटकं, म्हणून आजीच्या जिन्यात तळापासून वरच्या मजल्यापर्यंत अठरा फुटांचा काचेसारखा पाइप उभा करायचा, त्यात समुद्राचं पाणी भरायचं, त्यात मुंगीच्या डोक्याएवढे जीव सोडायचे, आणि मग "आज्जी, दिवसातून तीनदा मोज हं" म्हणून बॅग उचलून चालू पडायचं, ही कुठली पद्धत? नळवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा खालची तोटी ठिबकत होती म्हणून. दुसऱ्यांदा बायकोला पाइप दाखवायला.

पण खरं सांगू का? मजा येते ग. तू शिकवलंस तसं, पाइपावर तू आखलेल्या खालच्या पट्ट्यापाशी स्टूल टाकून बसते. तांबडा कागद बांधलेली बॅटरी धरते. पट्ट्यात किती दिसतात ते एक मिनिट मोजायचं. अगं, ते पोहतात कुठे, उचक्या देतात! दोन लांब मिशा फटकन मारल्या की टुणकन वर, मग जरा घरंगळत खाली, परत टुणकन. मी त्यांना उचके म्हणते. आणि तो पांढरा भुसा, तू कण म्हणतेस तो, त्याला कशाचीच घाई नाही. तरंगत तरंगत खाली. वाटेत दुसरा कण भेटला की चिकटतो, आणि मग जोडीने जरा वेगाने खाली. संसारात पण असंच होतं.

मोजण्याची काळजी तू करू नकोस. मी तिसरीत शाळा सोडली असेन, पण बटणांच्या कारखान्यात तेवीस वर्षं फुटकी बटणं वेचली आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून तर माझ्या नजरेतून उवाही सुटत नाहीत.

वरचा पट्टा मात्र तिच्या दाराशी. तिच्या म्हणजे तुझ्या धाकट्या आजीच्या, माझ्या जावेच्या. नऊ वर्षं आम्ही एकमेकींशी शब्द बोललेलो नाही आणि तुझ्या पाइपासाठी बोलणारही नाही. तुझी टोपलीची युक्ती चालते आहे. ती वही टोपलीत घालून दोरीने खाली सोडते, मी माझा आकडा लिहिते, टोपली परत वर. ती शाळेच्या कचेरीत कारकून होती, तिचं अक्षर मोत्याचं. माझं म्हणजे मुंग्या निघाल्यासारखं. काल तिने माझा सात गिरवून नीट केला. मी काही बोलले नाही. बोलतच नाही तर काय बोलणार.

आणि हा कामाचा वाटा तू कसा केलास ते एकदा सांग. रोज सकाळी ती वरून चमचाभर हिरवं पाणी घालते, उचक्यांचा खाऊ. ते खातात, आणि तासाभरात त्यांची शी गोळ्या गोळ्या होऊन सरळ माझ्या पट्ट्यात. वर ती जेवायला घालणार आणि खाली मी शी मोजणार. लग्न होऊन आल्यापासून या घरात हेच चाललंय.

तुझी,
आज्जी

---

११ नोव्हेंबर

आज्जी,

शी मोजायला मी सांगितलं नव्हतं. पण मोजतेस तर थांबवू नकोस, कारण सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. तुला सांगून गेले होते, तेव्हा तू दूध उतू जातंय म्हणून उठलीस, म्हणून परत सांगते.

समुद्राच्या तळाशी ऊन पोचत नाही. तिथे काही उगवत नाही. तिथल्यांना जे खायला मिळतं ते वरून खाली पडेल तेवढंच. तुझा भुसा फार सावकाश पडतो, वाटेतच कुजतो. पण उचके (नाव छान आहे, मी इथेही तेच म्हणायला लागलेय) अंधार पडला की वर जातात, पोटभर खातात, उजाडलं की मासे आपल्याला बघतील या भीतीने खाली येतात. आणि खाली येऊन शी करतात. म्हणजे ते रोज वरचं अन्न डबा भरून खाली पोचवतात. असा किती माल जातो ते मला मोजायचंय. समुद्रात एकच जीव धरून त्याच्यामागे जाता येत नाही, तुझ्या जिन्यात येतं.

आता नीट ऐक. जानेवारीत मोठं जहाज पाच महिन्यांसाठी निघतंय. प्रयोगशाळेच्या मॅडमकडे एकच जागा आहे आणि आम्ही दोघी आहोत. एक मी, दुसरी ती उंच मुलगी, जी तुला घरी आली तेव्हा फार शिष्ट वाटली होती. तिची दोन वर्षांची आकडेवारी बांधून तयार आहे. इथला माणूस आजारी पडला म्हणून मॅडमनी मला बेटावर पाठवलं, त्यामुळे माझ्याकडे फक्त तुझा जिना आहे. २० डिसेंबरला मॅडम ठरवणार. गेल्या सहा वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

म्हणून दोन गोष्टी. मोजताना टोपली पाइपावर आपटायची नाही. आणि दिवस मावळल्यावर जिन्यातला दिवा लावायचा नाही. अजिबात नाही. मी भिंतीवर कागदही चिकटवलाय.

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

पाणकोंबडी

---

१४ नोव्हेंबर

पाणकोंबडे,

कागद वाचला. रोजच वाचते, समोरच आहे. त्यावर तू तीन उद्गारचिन्हं काढलीस, मी काय बहिरी आहे? दिव्याचं म्हणशील तर त्या खटक्याला माझा हात लागलेला नाही. शपथेवर सांगते.

सोबत दहा दिवसांचे आकडे. वहीची पानं तिने आखली आहेत, समास सोडून. समास कशाला लागतो उचक्यांना? पण कचेरीतली सवय. शिवाय "निरीक्षक" म्हणून वर स्वतःचं लिहिलंय आणि माझ्या नावापुढे "मदतनीस". मी ते खोडलं. तिने परत लिहिलं. सध्या त्या जागी कागदाला भोक आहे.

शिष्ट मुलीची काळजी नको. तिच्याकडे दोन वर्षांचे आकडे असतील, पण तिच्याकडे उचके आहेत का? एक उचका माझ्या ओळखीचा झालाय. त्याची एक मिशी तुटकी आहे, म्हणून तो तिरका उडतो. भिंतीवर आदळतो, परत उडतो. तुझे आजोबा जिना चढायचे त्याची आठवण येते.

इथे नवीन म्हणजे, वरचीने आता नवंच सुरू केलंय. मोजायच्या वेळेला मुद्दाम खुर्ची सरकवते. आणि चपला! मंगळवारी साडेसाताचं मोजायला बसले तर सातव्या पायरीवर तिची एक चप्पल पालथी. हिरवी. अंगठ्याशी उसवलेली, आणि ती शिवली कशाने तर निळ्या दोऱ्याने. घरात हिरवा दोरा नसेल, तर माग ना कुणाकडे. खालून मागितला असता तर टोपलीत घालून दिला नसता का मी? पण नाही. निळा दोरा घालून मिरवेल, मागणार नाही. बुधवारी बघते तर चप्पल उचललेली, पण पायरीवर दोऱ्याचा तुकडा तसाच. मी झाडला.

केर म्हणजे, वरची झाडते ना, तोही सगळा माझ्याच दाराशी येतो. तुझ्या समुद्रासारखंच. तळाशी राहणाऱ्यांना कुणी विचारत नाही, वरून सांडेल ते घ्या.

गुडघे बरे आहेत, तेल संपलंय.

आज्जी

---

१८ नोव्हेंबर

आज्जी,

काल पत्रांची होडी आली आणि मी आधी आकड्यांचा कागद उघडला. दोन तास घेऊन बसले. आता डोकं धरून बसलेय.

संध्याकाळी साडेसात. वरचा पट्टा. सोमवारी अकरा. मंगळवारी दोन. बुधवारी नऊ. गुरुवारी शून्य! शुक्रवारी वर पाच, खाली पाच. हे जीव रोज अंधार पडला की वर येतात, आज्जी. माणूस जन्मायच्या आधीपासून येतायत. इथे बेटापाशी मी जाळं टाकते तर रोज, रोज, घड्याळ लावून घ्यावं असे येतात. तुमच्याच जिन्यात त्यांना काय होतं?

खारटपणा तपासला. पाणी किती ऊन, किती गार, तेही तुम्ही लिहिलंय, ते ठीक आहे. खाऊ ठीक आहे. मग उरतं काय? राग मानू नकोस, पण विचारावंच लागतंय. कधी कंटाळा आला, कधी गुडघे दुखले, म्हणून तू किंवा धाकटी आजी अंदाजाने आकडा टाकत तर नाही ना? टाकला असेल तर सांग. मी रागावणार नाही. पण असला कागद मॅडमपुढे ठेवण्यापेक्षा मी काही न ठेवणं बरं.

पाणकोंबडी

---

२१ नोव्हेंबर

सौजन्यपूर्वक कळवते की आपलं पत्र पोचलं.

तेवीस वर्षांत माझ्या डब्यातून एक फुटकं बटण पुढे गेलं नाही. कारखान्याच्या मालकाने कधी विचारलं नाही ते आपण विचारलंत.

सोबत आठवड्याचे आकडे. मोजलेले आहेत.

उचके बरे आहेत. तुटक्या मिशीचाही बरा आहे. गुडघ्यांचं आपण विचारलं नाहीत, तेही बरे आहेत.

आपली,
मदतनीस

---

२५ नोव्हेंबर

आज्जी,

चुकलं. तुझ्यासमोर असते तर तू दोन दिवस जेवायला वाढलं नसतंस आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट वाढलं असतंस. इथे नुसतंच पत्र आलं. मदतनीस म्हणून सही केलीस ते फार लागलं.

आता ऐक. काल वारा होता, जाळं टाकायला होडी सोडता आली नाही. बसून तुझी सगळी पत्रं परत वाचली. चपलेपाशी थांबले.

तांबड्या बॅटरीच्या उजेडात हिरवी चप्पल काळी दिसते, आज्जी. निळा दोराही काळाच दिसतो. म्हणून तर ती बॅटरी दिली, तो उजेड उचक्यांना कळतच नाही. संध्याकाळी साडेसातला बंद जिन्यात, सातव्या पायरीवर, हिरव्या चपलेवरचा निळा दोरा तुला दिसला. आणि तुझी नजर तेज आहे, पण मांजराची नाही.

दिवा लागला होता.

कुणी लावला, हात लागला की नाही, शपथ कशावर घेतलीस, हे मला काही नको. मला एवढंच सांग की रोज लागतो का, आणि किती वाजता. उजेड पडला की ते खाली धावतात. घालवला की परत वर निघतात, पण एका मिनिटात जेमतेम अर्धा फूट चढतात. अठरा फूट चढायला अर्ध्या तासाच्या वर जातो. मोजायच्या आधी तो दिवा किती वेळ लागला, कधी विझला, हे कळलं नाही तर तुझे सगळे खरे आकडे मातीमोल आहेत.

पाच आठवडे उरले नाहीत, तीनच उरलेत. खरं सांग ग.

पाणकोंबडी

---

२८ नोव्हेंबर

माझ्या पोरी,

हात लागला नव्हता. काठीने दाबते. गुडघ्यांमुळे पायरी चढवत नाही आणि खटका मेला उंचावर. म्हणून शपथ घेतली. पण खोटीच ती, मला कळतं.

सगळं सांगते. हे तुझ्या बापालाही माहीत नाही.

जिन्याच्या दिव्याला दोन खटके आहेत. एक खाली माझ्या दाराशी, एक वर तिच्या दाराशी. खालून लावा, वरून घालवा, कसंही. तुझ्या आजोबांनी हौसेने बसवून घेतले होते. नऊ वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली, तेव्हा तू शाळेत होतीस. मनगट मोडलं. तेच लिहायचं मनगट. ती म्हणाली, थोरलीने खालून मुद्दाम दिवा घालवला. चारचौघांत म्हणाली. मी म्हटलं, मी दिव्याला हातसुद्धा लावला नाही, तुझे पायच ठिकाणावर नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

पण दिवा मीच घालवला होता ग. मुद्दाम नाही. मला वाटलं जिन्यात कुणी नाही, उगाच कशाला जळतोय. खटका दाबला आणि वर धडधड धडधड आवाज झाला. तो आवाज अजून कानात आहे. आणि मग तिने "मुद्दाम" म्हटलं, आणि माझ्या तोंडातून "नाही" निघालं. एकदा निघालेलं नाही परत आत कसं घालायचं?

म्हणून दिवस मावळला की मी लावते. नऊ वर्षं, एक दिवस न चुकता. तुझा कागद लागला त्या दिवशीही मी काठी हातात घेऊन उभी होते. ती संध्याकाळी खाली दूध आणायला उतरते, अंधारात उतरेल कशी? आणि मी लावला की ती वरून घालवते. माझा उजेड नको तिला. मी परत लावते. ती परत घालवते. कधी दोनदा, कधी आठदा. मग कुणीतरी एक दमतं.

तुझे उचके बिचारे वरखाली करून मेटाकुटीला आले असतील. मला वाटायचं, आज फार उड्या मारतायत, खुशीत आहेत.

किती वाजता लावला, ते कोण लिहून ठेवतंय? घड्याळ बघून भांडतं का कुणी? तुझी जागा माझ्यामुळे गेली, तर मी काय करू ते सांग.

आज्जी

---

२९ नोव्हेंबर

प्रिय नातीस,

तुझ्या आजीने तुझं पंचवीस तारखेचं पत्र टोपलीत घालून वर पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पत्राची घडी ओली होती, त्यावरून काय ते समजले.

जिन्यातला दिवा लावू नये अशी लेखी सूचना असताना मी एकदाही लावलेला नाही. मी फक्त घालवला. याची नोंद घ्यावी.

मनगट मोडले त्या संध्याकाळी दिवा त्यांनी घालवला याचा माझ्याकडे पुरावा नाही. त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळचा आहे. पुढेमागे प्रकरण कुणापुढे गेलेच तर हाती काहीतरी असावे, म्हणून मी नऊ वर्षे डायरी ठेवली आहे. दिवा त्यांनी किती वाजता लावला, मी किती वाजता घालवला, मिनिटासकट. घड्याळ रोज सकाळी बातम्यांवरून लावते. या नोव्हेंबरची पाने नक्कल करून पाठवत आहे. मूळ डायरी देणार नाही.

मंगळवार, मोजणीच्या आधीची नोंद उदाहरणादाखल: सहा दहाला लावला, सहा बाराला घालवला, सहा तेराला लावला, सात अठ्ठावीसला घालवला. त्या दिवशी माझी शिवलेली चप्पल जिन्यात परत तुटली होती, म्हणून मला खटक्यापर्यंत जायला उशीर झाला. वर दोनच दिसले ते त्यामुळे असावे.

निळा दोरा घरात होता तो वापरला. हे त्यांना सांगण्याची गरज नाही.

तुझी धाकटी आजी

---

२ डिसेंबर

आज्जी आणि धाकटी आजी,

हे पत्र दोघींना आहे. टोपलीत घालून दोघींनी वाचा.

धाकट्या आजीची पानं आणि आज्जीचे आकडे रात्रभर नाही, दिवसभर जुळवत बसले. जुळतात! प्रत्येक आकडा जुळतो. दिवा विझून दोन-पाच मिनिटं झाली असतील तर वर दोन, वीस मिनिटं झाली असतील तर पाच-सहा, चाळीस झाली की अकरा. शुक्रवारी पाच-पाच का, तेही कळलं. तुम्ही दोघी त्या दिवशी आठ वेळा भांडलात. इतके वेळा उजेड-अंधार करून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नसतं, कारण शहाण्या माणसाला तेवढा वेळ नसतो. मला हसावं की दोघींना एका खोलीत कोंडावं, कळत नाही.

बिनतारी यंत्रावरून मॅडमशी बोलले. त्या म्हणाल्या, हे चांगलं आहे, पण अर्धंच आहे. दिवा लागला-विझला की काय होतं ते कळलं. दिवा मुळीच नसताना, कुणी त्रास दिला नाही तर ते किती वर जातात, ते कुठे आहे? त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय त्या कागद धरणार नाहीत.

म्हणून सात संध्याकाळी, सहापासून आठपर्यंत, पूर्ण अंधार. दोन्ही खटके कागद लावून बंद. दोघींनी एकाच मिनिटाला मोजायचं, आणि टोपली बंद, कारण ती पाइपाला घासते. खालीवर काय बोलायचं ते तोंडाने बोला. नाहीतर नका बोलू, पण मोजा एकदमच.

दूध दुपारी आणा. कुणीही जिना उतरायचा नाही.

तुमची दोघींची,
पाणकोंबडी

---

१३ डिसेंबर

माझ्या पाणकोंबडे,

आकडे झाले. सात संध्याकाळचे, एक सोडून. त्या एकाचं नंतर सांगते, आधी मला पहिल्या दिवसाचं सांगू दे, नाहीतर पोट फुटेल.

पहिल्या दिवशी सहा वाजता मी स्टुलावर बसले. काठी मुद्दाम आतल्या खोलीत ठेवली, हाताशी असली की हात जातो. सवयच ती. सव्वासहा झाले, साडेसहा. काळोख असा की माझं नाक मला दिसेना. नऊ वर्षांत त्या जिन्यात मी इतका काळोख बघितला नव्हता. पाइपात बघितलं तर तांबड्या उजेडात उचके निघालेले. एक, दोन, मग थवाच. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलं नाही. उचक्या देत देत आपले चालले वर. तुटक्या मिशीचा सगळ्यात मागे, पण चाललाय. अगं, मला रडूच आलं. रोज त्यांना इतकंच हवं होतं, आणि आम्ही दोघी बायका खटके दाबत होतो.

साडेसाताला दोन मिनिटं कमी, आणि वर चप्पल वाजली. पहिली पायरी. दुसरी. ती पट्टा नीट दिसावा म्हणून खाली उतरत होती!

माझ्या तोंडातून निघून गेलं, "थांब! एक पाऊल टाकू नकोस. बसून मोज!"

मला वाटलं, संपलं, आता ही दार लावून घेईल आणि तुझं जहाज गेलं.

मग वरून आवाज आला. म्हातारा झालाय ग तिचा आवाज. मला माहीतच नव्हतं.

"मला शिकवू नका, जाऊबाई. बसलेय. ... पंधरा."

मी म्हटलं, "दोन."

"दोन की तीन? नीट बघा."

"मी बटणं वेचली आहेत तेवीस वर्षं. दोन म्हणजे दोन."

"बरं बरं. कागद नका फाडू माझा."

असं झालं. दुसऱ्या दिवशी पंधरा आणि दोन, तिसऱ्या दिवशी... तिसऱ्या दिवशी आकडा नाही. साडेसात वाजत होते, आणि अंधारात तोंड दिसत नाही म्हणून की काय, मी म्हटलं, "त्या दिवशी दिवा मीच घालवला होता."

वर खुर्ची करकरली.

मी म्हटलं, "मुद्दाम नव्हे ग. जिन्यात कुणी नाही असं वाटलं."

ती म्हणाली, "खटक्याचा आवाज मी ऐकला होता. पडता पडता. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी मुद्दाम म्हटलं."

"आधी तू मुद्दाम म्हणालीस, मग मी नाही म्हटलं."

"उलट आहे. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

मग दोघींनाही हसू फुटलं. हसता हसता ती नाक ओढायला लागली आणि मी पण. बॅटरी माझ्या मांडीवरून घरंगळली. मिनिट निघून गेलं, कुणी मोजलं नाही. ती म्हणाली, रोज पंधरा आणि दोनच येतायत, तेच लिहू या का? मी म्हटलं, अजिबात नाही. मोजला नाही तो आकडा जाणार नाही. तिने मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय, "तिसरा दिवस: मोजणी झाली नाही. कारण घरगुती."

त्या रिकाम्या चौकोनामुळे जागा गेली तर माझ्यावर राग काढ, तिच्यावर नको.

ता.क. वहीवर आता दोन्ही नावांपुढे "निरीक्षक" आहे. भोक तसंच आहे, त्याच्या दोन बाजूंना लिहिलंय.

आज्जी

---

२३ डिसेंबर

निरीक्षक नंबर एक आणि निरीक्षक नंबर दोन,

जागा मिळाली. मला!

मॅडम उंच मुलीला घेऊन इथे बेटावरच आल्या, सगळा कागद बघितला आणि बोट ठेवलं ते बरोबर तिसऱ्या दिवसावर. "हे काय, घरगुती?" मी खरं ते सांगितलं, मनगटापासून चपलेपर्यंत. त्या म्हणाल्या, ज्या बायकांनी इथे दोन आणि पंधरा लिहिले नाहीत, त्यांचे बाकीचे आकडे मी परत तपासत नाही. उंच मुलगी पुढच्या फेरीला येईल. शिष्ट नाहीये ती, आज्जी. तिने मला पेढा नव्हे, स्वतःची गरम टोपी दिली.

पाच तारखेला निघते. पत्र आता बंदराला लागेल तेव्हाच. प्रयोग संपला, तेव्हा दिवा लावा, घालवा, काय हवं ते करा. नळवाल्याला निरोप दिलाय, तो येऊन पाइप काढून नेईल. उचके आणि पाणी समुद्रात सोडायचं, तेवढं त्याच्याकडून नीट करून घ्या.

दोघींच्या पाया पडते, पण जिन्यात नाही.

पाणकोंबडी

---

२८ डिसेंबर

जहाजवाले,

तुझं पत्र मी वरच ऐकलं. हो, वर. सतरा पायऱ्या, बसत बसत, पाऊण तास लागला. तिने मोठ्याने वाचलं. जागा मिळाली हे वाक्य तिला तीनदा वाचायला लावलं. चौथ्यांदा ती चिडली, "कान तपासून घ्या एकदा, जाऊबाई." तिचं घर आवरलेलं आहे, पण पडदे अगदीच कसेतरी. सांगितलं तिला. तिला आवडलं नाही. बरं वाटलं.

आता तुला राग येईल असं सांगते. नळवाला आला होता. आम्ही त्याला परत पाठवला. त्याला वाटलं आम्ही बायकोला बोलवा म्हणतोय, तो तिला घेऊन आला. मग चौघांनी मिळून उचके बघितले. पाइप आहे तिथेच आहे. तू पाच महिन्यांनी येशील तेव्हा बघू. तुटक्या मिशीचा अजून आहे. त्याला कुठे नेऊन सोडायचं, त्याला समुद्र कुठे माहीत आहे?

आणि दिव्याचं. काल दिवस मावळला. तुझा कागद मी भिंतीवरून काढला होता, खटके मोकळे होते. मी काठी घेऊन दाराशी आले. वर तिचीही पावलं ऐकू आली, तीही खटक्याशी आली होती. मी थांबले. म्हटलं, तिला लावू दे. ती थांबली. बहुतेक तिला वाटलं, मला लावू दे. मी दाबत नाही, ती दाबत नाही. दोघी आपापल्या खटक्यापाशी उभ्या, आणि जिन्यात हळूहळू काळोख भरला. पाइपात उचके निघाले.

साडेसाताला वरून आवाज आला, "सोळा."

मी म्हटलं, "प्रयोग संपला की ग. आता कुणाला हवेत आकडे?"

ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुमचे किती?"

आज्जी